पाचांत सगळ्यात हळू असणाऱ्याने ट्रॅकवर जावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 27, मूळ गाव सांगली जिल्ह्यात, नोकरी पिंपरी-चिंचवडला. दोन वर्षांपूर्वी जुन्या मॉडेलची सेकंडहँड केटीएम आरसी 390 मोटारसायकल घेतली. दर रविवारी पाच जणांचा ग्रुप ताम्हिणीला जातो आणि चहाच्या टपरीवर हा नेहमी शेवटी पोहोचतो. आता ग्रुपने फेब्रुवारीत चेन्नईच्या सर्किटवर ट्रॅक डे, म्हणजे फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, करायचं ठरवलंय. मित्र म्हणतात, आधी गाडी 'ट्रॅक-रेडी' कर. म्हणजे एक्झॉस्ट (सायलेन्सर), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), रिअरसेट (मागे-वर सरकवलेले पाय ठेवायचे पेग), मिळून साधारण 80 हजार. हाताशी एक लाख दहा हजार आहेत. सगळे पुण्याहून गाडी चालवतच जाणार आहेत. घरी मोटारसायकलचं नाव काढायची सोय नाही, कारण धाकटे काका हायवेवरच्या अपघातात गेले. म्हणून घरी 'कंपनीचं ट्रेनिंग आहे' असं सांगायचा बेत आहे. प्रश्न तीन: कोणते पार्ट आधी बदलू? की अजून वर्षभर थांबून आधी वेग वाढवू? आणि घरी खोटं बोललो तर चालेल का?

---

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, तेव्हा अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पत्रात एका ठिकाणी तू लिहिलंयस, 'तयारी न करता गेलो तर तिथे हसं होईल.' तुझे तिन्ही प्रश्न मला या एका वाक्यातून निघालेले दिसतात, म्हणून आधी तेच धरते. हसं कुणासमोर होणार? ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे निकाल लागत नाही, नंबर काढत नाहीत. येणाऱ्यांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात: नवखे, मधले, तरबेज. प्रत्येक गटाला आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटांची सत्रं मिळतात. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक कुठे आणि किती अंतर ठेवून करायचं, याचेही नियम असतात. तुझ्या पुढचा आणि मागचा, दोघेही तुझ्याइतकेच बावरलेले असतात. तू किती हळू होतास हे संध्याकाळी फक्त तुझ्या चार मित्रांच्या लक्षात राहील. तेही त्यांनी मुद्दाम लक्ष ठेवलं तरच.

दुसरं, तू हळू आहेस हे ठरवलं कुणी? टपरीवर कोण आधी पोचतं त्यावरून? ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी येते, दुधाचा टेम्पो येतो, पावसाळ्यानंतर कडेला खडी पसरलेली असते. ट्रॅकवर शिकवतात ती लाइन, म्हणजे बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर, घाटात घ्यायची तर समोरच्याचा अर्धा रस्ता वापरावा लागतो. तुझे मित्र तो वापरत असतील तर ते तुझ्याआधी पोचणारच. तू आपल्या बाजूला राहतोस म्हणून मागे पडतोस की तुला खरोखर वळण जमत नाही, हे घाटात कळायचा मार्गच नाही. तेव्हा 'वर्षभर थांबून आधी वेग वाढवू' यातला वेग तू वाढवणार कुठे? घाटातच ना? मग थांबू नकोस. हळू चालवल्याने काहीही बिघडत नाही अशी एकच जागा आहे, आणि तिचीच फी तू भरणार आहेस.

आता पैशांकडे येऊ. 80 हजारांची जी यादी मित्रांनी दिली, तिच्यातली एकही वस्तू पहिल्या दिवशी तुझ्या उपयोगाची नाही. 373 सीसीचं तुझं इंजिन आहे तसंच इतकं पळतं, की पहिल्या दिवशी तू त्यातलं निम्मंही नीट वापरणार नाहीस. त्यात तुझं काही कमी आहे असं नाही, कुणाचंही तसंच होतं. एक्झॉस्टने मुख्यतः आवाज वाढतो. रस्त्यावर तो बेकायदा, आणि पुण्यात पोलीस असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली घालतात हे तुला ठाऊक आहेच. क्विकशिफ्टर गिअर बदलायचं काम सोपं करतो खरा, पण पहिल्या दिवशी अडचण गिअरची येत नाही, नजरेची येते. त्याबद्दल पुढे लिहिते.

माझ्या हिशेबात तुझ्या पैशांचा पहिला वाटा अंगावरच्या सामानाचा. लेदरचा सूट, एकसंध किंवा वरचा-खालचा भाग कमरेला पूर्ण गोलाकार झिपने जोडला जाणारा. बहुतेक आयोजक याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. मनगट झाकणारे लांब ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर जाणारे रायडिंग बूट, सीई लेव्हल 2 (युरोपियन सुरक्षा मानकाची वरची पातळी) चं पाठीचं बॅक प्रोटेक्टर, आणि फुल-फेस हेल्मेट. हेल्मेट एकदा जोरात आपटलेलं असेल तर वरून धड दिसलं तरी ते संपलं असं समज. सूट नवा घ्यायचा तर बजेटचा मोठा घास जाईल. आयोजकांकडे भाड्याने मिळतो का ते आधी विचार, काही ठिकाणी मिळतो. सेकंडहँड चालेल, पण गुडघा-कोपराची शिवण तपासून घे आणि अंगात घालून गाडीवर बसून बघ. उभं राहिल्यावर छान बसणारा सूट गाडीवर वाकलं की पाठीत आखडतो. उलट उभ्याने जरा विचित्र, पुढे ओढलेला वाटणारा सूट बऱ्याचदा बरोबर असतो.

दुसरा वाटा शिकण्याचा. चार मित्रांबरोबर नुसत्या मोकळ्या ट्रॅक डेला जाण्याऐवजी प्रशिक्षक असलेला दिवस मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तोच घे. कीथ कोड यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरं चेन्नईच्या ट्रॅकवर झालेली आहेत, आणि आपल्याकडच्या अनुभवी रेसर्सनीही शाळा काढल्या आहेत. त्या अमेरिकन शाळेच्या पहिल्या पायरीवर काय शिकवतात बघ: थ्रॉटलवरचा (अॅक्सिलरेटरवरचा) ताबा, वळायला सुरुवात करायची जागा, गाडी चटकन झुकवणं, हँडलवर विनाकारण जोर न देणं, आणि वळणात नजर दोन टप्प्यांत पुढे नेणं. यातल्या एकाही गोष्टीला पार्ट लागत नाही.

तिसरा वाटा गाडीचा, आणि तो सगळ्यात छोटा. पण काम नीट कर, त्यात हयगय नको. टायर आधी बघ. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 2321 असेल तर तो 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. रबर जुनं, कडक झालं असेल किंवा हायवेवर चालवून मधला पट्टा सपाट झाला असेल तर नवे टायर टाक. त्याला पर्याय नाही. रेसिंगचे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले टायर, नकोत, चांगले रोड-स्पोर्ट टायर भरपूर झाले. नवे टायर जाण्याआधी शंभर-दीडशे किलोमीटर शांतपणे चालवून घे, वरचा गुळगुळीत थर जायला हवा. मग ब्रेक. पुढचे-मागचे पॅड निम्म्यावर आले असतील तर बदल. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि ट्रॅकवर ते तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन ब्रेकचा लिव्हर दाबला की मऊ लागतो. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही, ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला जाणवतं. म्हणून ताजं भर, त्या गाडीवर जो ग्रेड लिहिलाय तोच. चेनचा सैलपणा, स्प्रॉकेटचे दात, हँडलच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का, थ्रॉटल सोडला की झटकन बंद होतो का, ऑइलची पातळी, मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) तुझ्या वजनाला जुळतो का, एवढं विश्वासातल्या मेकॅनिककडून बघून घे. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू ठेव. 'ट्रॅकवर बंद करतात' म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

ट्रॅकवर उतरण्याआधी काही गोष्टी उतरवायच्या किंवा झाकायच्या असतात: आरसे, नंबरप्लेट, साडी गार्ड. हेडलाइट, टेललाइटवर टेप. जुन्या आरसीचे पुढचे इंडिकेटर आरशातच असल्यामुळे आरसे काढले की तेही गेले. त्यांच्या वायरींची टोकं टेपने बांधून टाक. काही आयोजक रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायला लावतात, कारण कूलंट सांडलं तर ट्रॅक तेलासारखा निसरडा होतो आणि मागून येणारे आडवे होतात. तुझ्या आयोजकाचा नियम आधी विचारून घे, तिथे सकाळी सात वाजता कळलं तर धावपळ होते.

चालवत जाण्याच्या बेताला मात्र माझा साफ विरोध. पुणे ते चेन्नई साडेअकराशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. जाताना टायरचा मधला पट्टा घासून जाईल, तू थकशील, आणि हेच थकलेलं शरीर घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरशील. येताना तर अजून वाईट. तिथे पडलास, लिव्हर तुटला, नुसतं मनगट मुरगळलं, तरी गाडी घरी कशी आणणार? पाच जण आहात, मिळून एक पिकअप टेम्पो करा. पट्ट्यांनी पुढचा शॉक जरा दाबून गाडी बांधायची, म्हणजे रस्ताभर नाचत नाही. नाहीतर रेल्वे. पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गाडीचं नोंदणीपत्र (आरसी बुक), विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी रिकामी करून गाडी गोणपाटात बांधावी लागते. फक्त गाडी तुझ्याच दिवशी पोचेल असं गृहीत धरू नकोस, हाताशी दोन दिवस ठेव.

(जाता जाता: देशाच्या कितीतरी दुचाक्या आपल्या चाकणला, वाळूजला तयार होतात, तुझी आरसीसुद्धा चाकणचीच. आणि तिला मनासारखं पळवायला पोरांनी तमिळनाडू गाठायचं. चेन्नईकरांनी शहराजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर शर्यती घेत घेत 1990 च्या सुमाराला स्वतःचा ट्रॅक उभा केला. आपण अजून घाटच वापरतोय.)

तो ट्रॅक म्हणजे श्रीपेरुंबुदूरजवळ, इरुंगट्टुकोट्टईला. साधारण 3.7 किलोमीटरची एक फेरी, बारा वळणं, घड्याळाच्या दिशेने. म्हणजे उजवीकडची वळणं जास्त आणि टायरची डावी बाजू त्या मानाने थंड राहते. म्हणून प्रत्येक सत्राच्या पहिल्या दोन फेऱ्या, विशेषतः डाव्या वळणांना, जपून. टायरमधली हवा थंड असताना रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात, किती ते तुझ्या टायरवर अवलंबून आहे, प्रशिक्षकाला विचार. सत्र संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) आलास की हेल्मेट काढायच्या आधी गेज लाव, गरम टायरचा खरा आकडा तेव्हाच मिळतो.

फेब्रुवारीपर्यंत घरबसल्या करायची तयारी वेगळी आहे, आणि ती तुझ्या मित्रांपैकी कुणी सांगितलेली दिसत नाही. सांगलीकडचा आहेस, तालीम काय असते ते तुला सांगायला नको. रोज बैठका मार. टाकीला मांड्यांनी घट्ट धरून बसता आलं तरच हात मोकळे राहतात. पाय थकले की माणूस हँडलला लटकतो, आणि हँडलला लटकलेल्या माणसाची गाडी वळत नाही. दुसरी तयारी नजरेची. ताशी 140 म्हणजे सेकंदाला जवळपास 39 मीटर. पुढच्या चाकासमोर बघत राहिलास तर दिसेल त्यावर काही करायला वेळच उरत नाही. ऑफिसला जाता-येता, चाळीसच्या वेगात, सवय लाव: वळणाच्या आत असताना डोळे वळणाच्या शेवटाकडे. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढ, आणि दोन्ही ब्रेक हळूहळू पिळत गाडी सरळ रेषेत थांबवायचा सराव कर. त्या ट्रॅकचे गाडीवरून काढलेले व्हिडिओ बघून वळणांचा क्रम पाठ करून ठेव.

झेंड्यांचे अर्थ सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात, पण आधी पाठ असू देत. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल: सत्र थांबलं, हळू होऊन पिटमध्ये या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, तू तुझी लाइन सोडू नकोस, जायचं कसं ते तो बघेल. पिवळ्यावर लाल पट्टे: ट्रॅक निसरडा. काळा दाखवला तर तू आत ये, काहीतरी गळत असेल नाहीतर तू नियम मोडला असशील. पिटमध्ये शिरण्याआधी हात किंवा पाय बाहेर काढून मागच्याला खूण कर. फोनमधलं फेरीची वेळ मोजणारं लॅप टायमर अ‍ॅप मात्र घरीच काढून टाक. आकडा दिसायला लागला की माणूस शिकायचं सोडून आकड्याच्या मागे धावतो.

वळण चुकून बाहेर गेलास तर गाडी सरळ कर, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, गवतात गाडी आपली आपण हळू होऊ दे. पडलास तर घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. थांबल्यावर मागे गाड्या बघून मार्शलच्या (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या) दिशेने बाहेर जायचं. गाडी उचलायला धावू नकोस. आणि दुपारनंतर पाय थरथरायला लागले, वळणाची खूण दोनदा चुकली, तर शेवटचं सत्र सोडून दे. फी वसूल करायच्या नादात शेवटच्या सत्रात पडणारे पुष्कळ. तिथला उकाडा फेब्रुवारीतसुद्धा लेदरमध्ये सोसत नाही. प्रत्येक सत्रानंतर सूट कमरेपर्यंत उतरव, मीठ-साखरेचं लिंबूपाणी पी.

आता घरचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तू त्याला तिसऱ्या नंबरवर टाकलंयस.

सकाळी नोंदणी करताना तुला एक फॉर्म भरायला देतील. धोका माझ्या जबाबदारीवर पत्करतोय, अशी सही असते, रक्तगट असतो, आणि एक रकाना असतो: आणीबाणीत कुणाला कळवायचं, नाव आणि नंबर. तू काय लिहिणार आहेस? मित्राचं लिहिशील. म्हणजे काही झालंच तर तुझ्या बाबांना एका परक्या पोराचा फोन जाणार, आणि पहिलं वाक्य ऐकतानाच त्यांना कळणार की ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. ज्या माणसाला भावाच्या वेळी असा फोन आलाय त्याला तू दुसऱ्यांदा त्याच जागी उभं करतोस. तुझ्या बेतात मला धोकादायक वाटलं ते एवढंच. बाकी सगळ्यावर उपाय आहे.

तू म्हणशील, सांगितलं तर ते जाऊच देणार नाहीत. कदाचित नाही देणार. पण त्यांचा विरोध नेमका कशाला आहे हे तू कधी विचारलंयस का? तुझे काका हायवेवर गेले. हायवेवर ट्रक असतो, रात्र असते, खड्डा असतो, मदत यायला वेळ लागतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, कडेला मोकळी जागा असते, अँब्युलन्स जागेवर उभी असते. तिथे पडत नाहीत असं बाबांना सांगू नकोस, ते खोटं होईल. पडतात, हाडंही मोडतात. पण तू दर रविवारी ताम्हिणीला जे करतोस त्यापेक्षा यात कमी धोका आहे, हे सांगता येईल. अर्थात त्यासाठी आधी ताम्हिणीचं सांगावं लागेल. मला शंका आहे, खरी अडचण तिथे असावी.

फोनवर नको, सांगलीला जाऊन सांग. सूट, बूट, हेल्मेट घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे. त्यांना म्हण, चला माझ्याबरोबर. हे मी गमतीने लिहीत नाहीये. पॅडॉकमध्ये, म्हणजे पिटमागच्या मोकळ्या जागेत, सावलीला खुर्ची टाकून बसणारं, पाण्याची बाटली पुढे करणारं आपलं माणूस असणं फार कामाचं असतं. आणि एवढं करूनही ते नाही म्हणाले, तर या फेब्रुवारीत जाऊ नकोस असा माझा सल्ला आहे. तू सज्ञान आहेस, जाऊ शकतोस, पण गेलास तर सांगून जा. चोरून गेलेला माणूस वळणात शिरताना एक डोळा घराकडे ठेवतो.

विम्याचंही त्यांच्यासमोरच काढ, ते विचारणारच. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, पेस मेकिंग (पुढे राहून इतरांना वेग ठरवून देणं), वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे शर्यत नाही असा वाद घालता येईल, पण गाडीचा क्लेम मिळेल या भरवशावर जाऊ नकोस. मोडलेल्या फेअरिंगचा (गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) खर्च खिशातून जाणार असं धरूनच चाल. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे कलम असतं ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, तू हौशी आहेस. तरी अपघात पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात. कंपनीला ईमेल करून विचार आणि उत्तर लेखी घे. म्हणूनच लाखातले 80 हजार एक्झॉस्टमध्ये घालू नकोस म्हणतेय. परत येताना हातात वीस-पंचवीस हजार शिल्लक हवेत.

आल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नकोस. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट बसव, लाइटवरची टेप काढ, पाणी भरलं असशील तर कूलंट परत भर, टायरची हवा रस्त्याच्या आकड्यावर आण, पॅड किती उरलेत ते बघ. आणि पुढचे एक-दोन रविवार ग्रुपला नाही म्हण. ट्रॅकवरून आल्यावर साठचा वेग चाळीससारखा वाटतो आणि हात आपोआप ती बाहेरून-आत-बाहेर लाइन शोधायला लागतात. ती सवय डोक्यातून उतरेपर्यंत घाटात जायचं नाही, मित्र कितीही बोलावोत.